रकाना क्रमांक बारा

गाडीचं दार उघडता आणि उन्हाचा लोट तोंडावर येतो. महिना एप्रिलच आहे, पण दुपार अकोल्याची वाटावी अशी. साल १९३०. जागा कॅलिफोर्नियाच्या अगदी दक्षिणेची इम्पीरियल काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तुम्ही उभे आहात ती जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तीस वर्षांमागे इथे नुसतं वाळवंट होतं. १९०१ साली कोलोरॅडो नदीचं पाणी मेक्सिकोच्या हद्दीतून वळसा घालत कालव्याने आलं आणि त्या रेताडात कापूस, लेट्यूस, खरबुजं पिकू लागली. पाण्यामागे माणसं आली. १९१०च्या शिरगणतीत इथे १३,५९१ डोकी होती. यंदाचा आकडा ६०,९०३ भरणार आहे, आणि त्यातली काही डोकी तुम्ही मोजायची आहेत.

हो, तुम्हीच. काखेत तो भलामोठा तक्ता आहे ना, एका बाजूला पन्नास ओळींचा? एक ओळ म्हणजे एक माणूस. घर मालकीचं की भाड्याचं, रेडिओ आहे का, लग्न कितव्या वर्षी झालं, लिहिता-वाचता येतं का, असं विचारत उजवीकडे सरकायचं. सगळ्याला उत्तर मिळतं. अडतं ते बाराव्या रकान्यात: रंग किंवा वंश. तो विचारायचाही नसतो. तोंडाकडे बघून भरायचा.

सकाळी एल सेंट्रो गावात हा रकाना झरझर भरला. टेक्सासकडून आलेले कापूसवाले, दूधदुभत्याच्या धंद्यातले स्विस, सगळे एका अक्षरात गोरे. मग रूळ ओलांडून पूर्वेकडे गेलात आणि अक्षरं बदलली. नकाशावर तशी रेघ नाही, पण मेक्सिकन आणि काळी कुटुंबं रुळांच्या पलीकडेच राहतात. गावाबाहेर खरबुजं पिकवणारे जपानी, लेट्यूस तोडणाऱ्या फिलिपिनो पोरांचा तळ. प्रत्येकाला वेगळी खूण. यंदा ‘मेक्सिकन’ हा वंशच नवा आहे. दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्यात तो नव्हता. तेव्हा या लोकांना बहुधा गोरे म्हणूनच लिहीत. आता सूचनापुस्तकात लिहिलंय की मेक्सिकन मजुरांचं मिश्रण ठरवणं अवघड, पण ज्या त्या गावात ते बरोब्बर ओळखू येतात. म्हणजे शेजाऱ्यांची नजर हीच फूटपट्टी.

आता या घराकडे बघा. पुढे काटक्यांचा मांडव, मांडवाला टांगलेला पाण्याचा माठ, त्याच्या पोटावर पाझरलेले थेंब. सावलीत बाज टाकलेली. तुमचा पाय तिथे अडतो. इथे बाज कुठून आली?

बाजेवरचा माणूस उठतो. पन्नाशीला टेकलेला. डोक्यावर पगडी नाही, तुमच्यासारखीच हॅट आहे, पण हात पुढे करतो तेव्हा बाहीखालून लोखंडी कडं सरकतं. आडनाव सिंग. जन्म पंजाबातला, जालंधर जिल्हा. इंग्रजी तोडकं, पण कामापुरतं. तुम्हाला त्याच्याशी हिंदीत बोलायची हुक्की येते, आवरा. आज तुम्ही सरकारी माणूस आहात.

आतून हातावर काहीतरी थापल्याची टपटप येते, थेट भाकरीसारखी. त्यामागे कुणा पुरुषाचं स्पॅनिश गाणं. असेल घरातलं कुणी, असं धरून तुम्ही पेन काढता. पदराशी हात पुसत यावी तशी एक बाई एप्रनला हात पुसत बाहेर येते. जन्म मेक्सिकोतला. मागोमाग तीन पोरं, थोरली नऊ वर्षांची. सगळ्यांची पहिली नावं चर्चच्या पाण्यातली, स्पॅनिश, आडनाव सिंग. बाई नवऱ्याशी स्पॅनिशमध्ये बोलते आणि सरदारजी पंजाबी हेल काढून स्पॅनिशमध्येच उत्तर देतो.

“घर भाड्याचं?”

“भाड्याचं.”

“आणि शेत?”

तो माठाकडे बघतो. हा प्रश्न आज जरा जड आहे. ज्याला नागरिक होता येत नाही त्याने जमीन घ्यायची नाही, हा कॅलिफोर्नियाचा कायदा १९१३चा. १९२०त तो आणखी आवळला. हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकतो की नाही, याचा वाद १९२३ साली सर्वोच्च न्यायालयात मिटला. भगतसिंग थिंद म्हणत होता की मानववंशशास्त्राच्या पुस्तकांप्रमाणे मी कॉकेशियन. न्यायालय म्हणालं, असशील, पण रस्त्यावरचा साधा माणूस तुला गोरा म्हणणार नाही. तेव्हापासून या खोऱ्यात जमिनीचे कागद कुणा गोऱ्या ओळखीच्याच्या नावावर असतात, नाहीतर इथे जन्मलेल्या, म्हणून जन्माने नागरिक असलेल्या लेकरांच्या. थोरलीच्या वेणीकडे बघा. ही कदाचित जमीनदारीण असेल. तुम्ही मात्र पुढचा प्रश्न विचारा. शेताची मालकी तुमच्या तक्त्यात नाही.

बारावा रकाना. बापासमोर काय लिहाल? पुस्तकात खूण तयार आहे: एच-आय-एन. हिन. म्हणजे हिंदू. समोर कडं घातलेला शीख उभा आहे, पण सरकारच्या लेखी हिंदुस्थानातून आलेला कुणीही हिंदूच. ‘इंडियन’ हा शब्द कोलंबसाच्या चुकीने आधीच इथल्या मूळ रहिवाशांना गेलेला. तुम्ही लिहिता: हिन. आईपुढे: मेक्स. आणि पोरं?

पेन थबकतं. तेवढ्यात तेरा वर्षं मागे जाऊन या, १९१७त, लग्नाच्या परवान्याच्या खिडकीपाशी. मेक्सिकोत क्रांती पेटलीय, तिथून निसटलेली कुटुंबं इथे कापूस वेचतायत. पंजाबातून बायका आणता येत नाहीत. शेतात गाठी पडतात. एक बहीण एका सिंगाशी, दुसरी त्याच्या भागीदाराशी, अशी घरं उभी राहतात. पण कायदा गोऱ्याचं लग्न काळ्याशी किंवा ‘मंगोलियन’शी लागू देत नाही. मग हा कोण आणि ही कोण? कारकून दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतो आणि दोन्हीकडे एकच शब्द लिहितो: ब्राउन. तपकिरी. अशा नावाचा वंश कायद्यात नाही, पण फी भरली जाते आणि संसार सुरू होतो.

परत मांडवात या. पोरांसाठी नियम आहे. आईबापांतलं एक गोरं असेल तर मूल दुसऱ्याच्या वंशाचं. दोघंही गोरी नसतील तर बहुतेक वेळा बापाच्या. हिन, हिन, हिन.

थोरली तुमच्या कोपरापाशी येऊन उभी राहिलीय. इंग्रजी शाळेत शिकलेली, अक्षरं जुळवून वाचते. “हेन?” अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवून खिदळते, “पापा, आपल्याला कोंबड्या लिहिलंय!” आईला ती ते स्पॅनिशमध्ये सांगते. आई हसते. बाप हसत नाही, मग हसतो. हिंदू म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलेलं नसावं. ती रविवारी चर्चला जाते.

शेताकडून खांद्यावर फावडं टाकून भागीदार येतो. आडनाव खान, मुसलमान, गावही तिकडचंच. माठातलं पाणी वरून घटाघटा पितो आणि पंजाबीत विचारतो, हा कोण? त्याच्या ओळीत काय लिहायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. हिन. पुढच्या वर्षी, १९३१ साली, तुमच्या पणजोबांच्या दारातही असाच एक माणूस उभा राहील. त्याच्या कागदावर वंशाऐवजी जातीचा रकाना असेल.

टीपकागदाने शाई टिपा. निघा. आणि आता थांबू नका, वर्षं भराभर पुढे जाऊ द्या. १९४०: आई पुन्हा गोरी झाली, कारण मेक्सिकन सरकारने आणि इथल्या मेक्सिकनांनी ‘मेक्सिकन वंशा’विरुद्ध आवाज उठवला होता, लेक मात्र अजून हिंदूच. १९४६: हिंदुस्थानी माणसाला नागरिकत्व खुलं झालं. १९५०: तक्त्यातून ‘हिंदू’ गायब. १९५६: याच खोऱ्यात शेती केलेला आणि वेस्टमोरलंडला न्यायाधीश झालेला दलीपसिंग सौंद अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. १९७०: हिंदुस्थानी वंशाचे लोक गोऱ्यांत मोजले गेले. १९८०: ते ‘एशियन इंडियन’ झाले. २०००: एकाहून अधिक चौकटींवर खूण करायला पहिल्यांदा मुभा मिळाली. लेक एकच, आडनाव तेच, आणि तिचा वंश सरकारने इतक्या वेळा पालटला.

२००२चा एप्रिल. शिरगणतीचे कागद बहात्तर वर्षं बंद ठेवतात. १९३०चे आत्ताच उघडलेत. ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे एक्याऐंशी वर्षांची म्हातारी बसलीय, शेजारी नातू. काउंटीत आता १,४२,३६१ माणसं आहेत आणि शंभरातली बहात्तर स्वतःला हिस्पॅनिक सांगतात; तो वंश धरत नाहीत, त्याचा प्रश्न वेगळा. नातू फीत फिरवतो. पडद्यावर अक्षर येतं. तुमचं अक्षर.

तुम्ही मागे उभे आहात. बाराव्या रकान्यावरून तिची नजर जाते. “हेन,” ती म्हणते आणि नाकातल्या नाकात हसते. नातू काहीतरी गंभीर विचारू बघतो, पण तिचं बोट तोवर डावीकडे सरकलंय, नवव्या रकान्यावर. तिथे कोरं आहे.

“रेडिओ लिहिलाच नाही याने,” ती म्हणते. “आमच्याकडे रेडिओ होता. बॅटरीवरचा. त्या दिवशी आत चालू होता.”