मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी

भिवंडीचे नाव काढले की आजही आधी दंगल आठवते, मग यंत्रमाग. याला कारणही आहे. मे 1970 मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर हे शहर पेटले, मे 1984 मध्ये पुन्हा पेटले. मात्र डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये जवळची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईत त्या दोन महिन्यांत 900 माणसे मेली, ही श्रीकृष्ण आयोगाची नोंद आहे. दंगलींचा इतिहास आपण खूप वाचतो, न झालेल्या दंगलीचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही.

हिंदू-मुसलमानांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले असले की दंगल होत नाही, असे आपण सहज म्हणतो. भिवंडीत ते गुंतलेले होतेच. माग मोमीन अन्सारींचे, तसेच तेलुगू पद्मशालींचेही. सुताचा व्यापार मारवाडी-गुजराती पेढ्यांचा. सूत उधारीवर उचलायचे, कापड विकले की पैसे फेडायचे. एवढा ऐतबार रोजच्या धंद्यात असूनही 1970 आणि 1984 मध्ये शहर जळले. म्हणजे धंद्यातला भरवसा दुकानाच्या फळीपर्यंतच होता. गल्लीत अफवा शिरली की तो कामाला येत नव्हता, आणि पोलिसांवर तर तो नव्हताच. 1970 च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर पक्षपाताचा ठपका ठेवला होता. ज्याला तपासावरच विश्वास नाही, तो अफवा खरी की खोटी हे विचारायला ठाण्यात कशाला जाईल?

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी केलेली गोष्ट दिसायला साधी होती. शहराचे मोहल्ले पाडून सुमारे सत्तर मोहल्ला समित्या केल्या. समितीत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने, माणसे साधी. पुढारी आणि गुंड शक्यतो बाहेर. बैठक नेमाने व्हायची आणि त्या भागाचा पोलीस तिथे हजर असायचा. विषय मोहल्ल्यातले किरकोळ तंटे. ऐक्यावर भाषणे ठोकायला ती जागाच नव्हती.

मला यात सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा किरकोळपणा. आपल्याकडच्या शांतता समित्या सणाच्या आधी बसतात, हारतुरे होतात, चहा होतो, फोटो छापून येतो. पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला ओळखत नाही. भिवंडीत चार वर्षे लहानसहान भांडणे मिटवता मिटवता माणसांना एकमेकांची तोंडे आणि घरे माहीत झाली. 6 डिसेंबरनंतर अफवा तिथेही आल्या असणार. पण त्या कुणाकडे जाऊन पडताळायच्या, हे लोकांना ठाऊक होते. हवालदार नावाने ओळखीचा होता. सरकार म्हणजे मंत्रालय नव्हे, आपल्या गल्लीत येऊन बसणारा माणूस, असा अनुभव आपल्या समाजाला क्वचितच मिळाला आहे.

अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पटनम यांनी इटलीबद्दल असेच काहीसे मांडले. तिथे 1970 मध्ये प्रांतिक सरकारे आली, कायदा एकच, तरी उत्तरेत कारभार चांगला चालला आणि दक्षिणेत रखडला. नागरिक एकत्र येऊन काम करतात की नाही, यावर तो फरक ठरतो, असे त्यांचे म्हणणे. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या दंगलींचा अभ्यास करताना भिवंडीची नोंद मुद्दाम घेतली आहे. मुंबईतही दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आदींच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली.

पण भिवंडीची गोष्ट इथे संपत नाही, आणि आपण ती इथेच संपवतो ही आपली खोड आहे. 5 जुलै 2006 रोजी त्याच शहरात एका पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला. जागा कब्रस्तानची आहे, असा लोकांचा दावा होता. गोळीबारात दोघे मेले, त्यानंतर जमावाने दोन पोलिसांना मारले. भांडण यावेळी हिंदू-मुसलमानांचे नव्हते. लोक आणि पोलीस यांच्यातले होते. ज्या धाग्यावर 1992 ची शांतता टिकली होती, तोच तुटला होता. समिती एका अधिकाऱ्याच्या हिमतीवर उभी होती, तो बदलून गेला. इथे पोलिसांना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. बैठक बोलावणारा गेल्यावर ती आपण होऊन बोलवावी, असे आपल्यातल्या किती जणांना वाटले?

माझ्यासारख्या मास्तराला हे रोज दिसते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले, निम्म्या जागा बायकांना दिल्या. मी पाहिलेल्या उर्दू शाळांत ही समिती बहुधा रजिस्टरात असते. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणतो. मीही तसल्या सह्या चालवून घेतल्या आहेत. मागच्या वर्षी एका बैठकीत मात्र बुरख्यातल्या एका आईने विचारले, "सर, मुलींच्या संडासात पाणी का नसतं? पैसे आले होते ना?" हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले, मी रजिस्टराकडे. मग तो प्रश्न तिच्या नावानिशी इतिवृत्तात लिहिला, आणि पुढच्या बैठकीला ती शेजारच्या दोघींना घेऊन आली.