कार्यानुभवाचा तास आणि पाबळचे कलबाग सर

मंडळी, कार्यानुभवाचा तास आठवतोय का? खडू पाडा, मेणबत्त्या ओता, कागदाची फुलं करा... आणि प्रदर्शन संपलं की सगळं कपाटाच्या माथ्यावर! मी बी.ए., मराठी-इतिहास शिकवणारी. तरी हा तास बरीच वर्षं माझ्याकडे असे. विज्ञानाचे शिक्षक पोर्शन संपवण्याच्या घाईत असत ना! पण या तासामागे मोठा इतिहास आहे. आज तोच सांगते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ आकाराला आली. हस्तोद्योग हा जास्तीचा विषय नव्हे, त्यातूनच बाकीचे विषय शिकायचे, ही कल्पना. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, ही अपेक्षा मात्र अनेकांना खटकली. शाळेचा कारखाना होईल, असं ते म्हणाले. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचवला. वर्गापर्यंत येता येता त्याची कागदी फुलं झाली!

हा धागा पुन्हा उचलला एका शास्त्रज्ञानं. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले. पन्नाशी उलटल्यावर, १९८३ साली, त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. त्यांनी शाळांसाठी जो कार्यक्रम आखला तो ‘आयबीटी’, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एकच धंदा नाही, सगळ्यांची तोंडओळख.

गंमत आहे ती पुढेच. काम गावाला लागणारं हवं, हा त्यांचा आग्रह. काम खऱ्या गिऱ्हाइकाचं असलं की ‘चालवून घ्या’ म्हणता येत नाही.

सौर पॅनेलचंच घ्या. पाबळचा अक्षांश सुमारे १९ अंश. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच कलानं बसवायचं. म्हणजे स्टँड करताना भूगोल आला, लोखंड कापताना त्रिकोणमिती आली. दिवा किती तास जळेल हे काढताना वॅट, व्होल्ट, अँपिअर आले. दुपारी एका कोपऱ्यावर झाडाची सावली पडली की वीज एकदम उतरते. मग ‘एकसर जोडणी’ हा शब्द घोकावा लागत नाही.

‘मुलांना काय वायरमन करायचंय का?’ असं पालक विचारतात. माझं म्हणणं, झाले तरी वाईट काय? पण मुद्दा तो नाहीच. सूत्र पाठ असणं आणि ते हातात असणं यातलं अंतर याच वयात मिटतं, आणि आपण ‘ढ’ ठरवलेली कितीतरी पोरं तिथे पुढे असतात.

कलबाग सर २००३ साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी एमआयटीच्या सहकार्यानं पाबळला फॅब लॅब आली होती, जगातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. २०१६ पासून सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबही शाळाशाळांत आल्या. थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे संच... छानच आहे.

फक्त नातवंडं काही करून आली, तर ‘किती मार्क?’ विचारण्याआधी एवढं विचारा: हे कुणाच्या उपयोगी पडलं रे?