परक्या दुकानांतील भावांची नोंदवही

किरकोळ बाजारातले भाव दुकानदाराने नव्हे, तर तिऱ्हाइताने टिपून ठेवावेत, ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ मध्ये गिरणगावातील कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हा जुलै १९१४ ची पातळी शंभर धरून धान्य, जळण, कापड आणि घरभाडे यांतील चढउतार मोजले जात, आणि त्यासाठी लागणारे भाव दुकानांतूनच गोळा करावे लागत. पुढे महागाई भत्ता अशा निर्देशांकाशी जोडला गेल्यामुळे दुकानात विचारून लिहून घेतलेल्या दराला पगाराच्या वाटाघाटींत वजन आले. मात्र त्या व्यवस्थेत विचारणारा सरकारी माणूस होता आणि भाव सांगितल्याने दुकानदाराचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाण्याची भीती नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस संकेतस्थळांवरून भाव टिपू लागलेल्या मंडळींच्या पाठीशी सरकार नव्हते, आणि त्यांच्या टिपणांमुळे गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार हे तर उघडच होते. किंबहुना त्यासाठीच ती टिपणे घेतली जात होती.

या धंद्यात प्रथमपासून दोन वेगळी कामे एकत्र नांदत आली आहेत. एकाच वेळी अनेक दुकानांतील एका वस्तूचा भाव शेजारी शेजारी मांडणे ही भावतुलना. तर एकाच दुकानातील एका वस्तूचा भाव दिवसेंदिवस नोंदवून त्याचा आलेख काढणे हा भावांचा मागोवा. तुलनेसाठी आजचा भाव पुरतो आणि तो विक्रेत्याच्या फलकावर असतोच. मागोव्यासाठी कालचा भाव लागतो, आणि तो जपून ठेवणारा बाहेरचा नोंदकार नसेल तर ग्राहकाच्या दृष्टीने तो नाहीसाच होतो. विक्रेते आणि नोंदकार यांच्यातील पुढचा सारा झगडा या फरकातून समजतो.

आरंभ तुलनेपासून झाला. १९९५ मध्ये अँडरसन कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीने 'बार्गेनफाइंडर' नावाचा प्रयोग केला, ज्यात संगीताच्या सीडीचे नाव दिले की एक प्रोग्राम निरनिराळ्या सीडी विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर जाऊन भाव विचारून येई. काही विक्रेत्यांनी त्या प्रोग्रामला लागलीच मज्जाव केला. आपल्या दुकानाची ओळख एका आकड्यापुरती उरावी आणि निवड, सेवा, शिफारस यांचा विचारही होऊ नये, हे त्यांना मान्य नव्हते, आणि ही तक्रार अगदीच अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डोरेनबॉस, एटझिओनी आणि वेल्ड या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेल्या 'शॉपबॉट' या प्रोग्रामने एका वेगळ्या अडचणीला हात घातला. विक्रेत्याचे पान माणसाच्या डोळ्यांसाठी रचलेले असते, प्रोग्रामसाठी नव्हे. त्यामुळे त्या पानातून वस्तूचे नाव कुठले आणि भाव कुठला हे वेगळे काढणारा छोटा प्रोग्राम प्रत्येक दुकानासाठी स्वतंत्रपणे लिहावा लागे, ज्याला या क्षेत्रात 'रॅपर' म्हणतात. हा रॅपर प्रोग्रामनेच नमुने पाहून शिकावा, असा या संशोधकांचा प्रयत्न होता. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, राकेश माथूर, वेंकी हरिनारायण, आनंद राजारामन आणि आशिष गुप्ता यांनी 'जंगली' ही कंपनी काढली, आणि वेबवर विखुरलेली दुकाने म्हणजे जणू एकच डेटाबेस आहे असे समजून त्याला प्रश्न विचारता यावेत अशी व्यवस्था उभारली. १९९८ मध्ये ॲमेझॉनने ही कंपनी विकत घेतली, म्हणजे सगळ्या दुकानांचे भाव पाहू शकणारे तंत्र एका दुकानाच्याच मालकीचे झाले.

रॅपर लिहिण्यापेक्षा तो चालता ठेवणे अवघड, हे या धंद्यातील खरे कष्टाचे अंग होय. एखाद्या मोबाइल फोनच्या पानावर छापील किंमत खोडलेली असते, तिच्याखाली विक्रीची किंमत, त्याखाली मासिक हप्ता, बाजूला जुना फोन बदलून मिळणारी सूट, शिवाय घरपोच पाठवण्याचा आकार, असे पाच-सहा आकडे रुपयाच्या एकाच चिन्हासह उभे असतात, आणि त्यांतील कोणता आकडा 'भाव' समजायचा हे प्रोग्राम आजूबाजूच्या खुणांवरून ठरवतो. विक्रेत्याने पानाची मांडणी बदलली की त्या खुणा सरकतात. प्रोग्राम बंद पडला तर निदान बिघाड कळतो. पण तो न अडखळता मासिक हप्त्यालाच भाव समजू लागला, तर आलेख एकदम तळाला जातो आणि भाव उतरल्याची सूचना मागून ठेवलेल्या सर्वांना खोटा निरोप पोहोचतो. म्हणून भाव अकस्मात निम्म्याहून खाली आल्यास ती नोंद माणसाने पाहीपर्यंत रोखून धरणे, माल संपलेला असताना शून्य न लिहिता जागा रिकामी सोडणे, नव्या आणि वापरलेल्या मालाच्या नोंदी निराळ्या ठेवणे, मूळ विक्रेता आणि त्याच्या दालनात माल मांडणारा त्रयस्थ व्यापारी यांचे भाव एकाच रेषेत न ओवणे, असे नियम अनुभवातून रूढ झाले. पिनकोडनुसार बदलणारा भाव आणि बिल भरताना लागू होणारे कूपन यांचा बंदोबस्त मात्र कोणालाच पुरता साधलेला दिसत नाही.

विक्रेत्यांचा विरोध न्यायालयात पोहोचला तो लिलावांच्या निमित्ताने. 'बिडर्स एज' ही कंपनी अनेक लिलावस्थळांवरील बोली एकत्र दाखवत असे आणि त्यासाठी तिचे प्रोग्राम ईबेच्या सर्व्हरकडे दररोज लाखभर विनंत्या पाठवत. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाचे न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी त्यांना तात्पुरती मनाई केली, आणि तिच्यासाठी जंगम मालमत्तेत विनापरवाना ढवळाढवळ करण्यासंबंधीचे इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यातील जुने तत्त्व वापरले. वास्तविक ईबेकडे येणाऱ्या एकूण विनंत्यांत बिडर्स एजचा वाटा दीड टक्क्याच्या आसपास होता. परंतु एकाला मोकळीक दिली तर मागून येणाऱ्या अनेकांच्या भाराखाली सर्व्हर कोलमडेल, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. भाव ही वस्तुस्थिती असल्याने तिच्यावर लेखाधिकार चालत नाही हे अमेरिकेत आधीच मान्य झालेले होते, म्हणून भिंत भावाभोवती न बांधता ज्या यंत्रावर तो भाव लिहिलेला आहे त्या यंत्राभोवती बांधली गेली, असे या निकालाचे वर्णन करता येईल. युरोपात वाट निराळी होती, पण मुक्काम फारसा दूर नव्हता. रायनएअर या विमान कंपनीचे भाडेदर वापरणाऱ्या एका डच तुलनास्थळाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये असे ठरवले की, एखाद्या डेटाबेसला कायद्याचे खास संरक्षण नसले, तरी मालक कराराच्या अटींद्वारे त्याच्या वापरावर निर्बंध घालू शकतो.

करार हेच पुढे मुख्य हत्यार ठरले. ॲमेझॉनने १९९६ मध्ये संलग्न विक्रीची योजना सुरू केली होती, जिच्यात आपल्या संकेतस्थळावरून ग्राहक पाठवणाऱ्यास विक्रीवर कमिशन मिळे, आणि २००२ मध्ये वस्तूंची माहिती थेट प्रोग्रामला पुरवणारी सेवाही खुली केली. अशा सेवेला एपीआय म्हणतात: पानावरून भाव हुडकण्याऐवजी ठरलेल्या पद्धतीने विचारणा करावी आणि नेमके उत्तर घ्यावे. रॅपरचे कष्ट संपले, पण नोंदकाराला मिळणारी माहिती आणि त्याचे उत्पन्न ही दोन्ही एकाच हातातून येऊ लागली, आणि तो हात विक्रेत्याचा होता. भाव थोडा वेळच साठवावा, तो कोणत्या वेळचा आहे हे लिहावे, किती विनंत्या करता येतील हे त्या संकेतस्थळामार्फत झालेल्या विक्रीवर ठरेल, अशा अटी आल्या; लेखी संमतीखेरीज भावांचा मागोवा किंवा भावसूचना ठेवू नयेत, असे कलमही योजनेच्या नियमांत आले. तुलना विक्रेत्याला एक वेळ परवडते, कारण तिच्यातून गिऱ्हाईक येते. परंतु 'आज सवलत' या फलकाशेजारी मागच्या महिन्यात हीच वस्तू याहून स्वस्त होती असे दाखवणारा आलेख कोणत्याही दुकानदाराला गैरसोयीचाच वाटणार.

तरीही काहींनी जम बसवला. २००८ मध्ये सुरू झालेले 'कॅमलकॅमलकॅमल' हे संकेतस्थळ ॲमेझॉनवरील वस्तूंचे भाव टिपते आणि संलग्न विक्रीच्या कमिशनवर चालते. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या सर्व्हरमधील अनेक डिस्क एकदम निकामी झाल्या आणि जुन्या नोंदी परत मिळवण्यासाठी ते काही दिवस बंद ठेवावे लागले. आजचा भाव दुकानाकडे पुन्हा विचारता येतो. पाच वर्षांपूर्वीचा भाव पुन्हा सांगण्यास दुकान बांधील नसते. म्हणूनच या धंद्यात साठवलेला इतिहास हेच भांडवल, आणि ते गहाळ झाले तर कितीही पैसा ओतून नव्याने उभे करता येत नाही.

या नोंदींचे मोल खरेदीच्या पलीकडे किती आहे, ते अर्जेंटिनात दिसले. तेथील सरकारने जानेवारी २००७ मध्ये सांख्यिकी संस्थेच्या भावनिर्देशांकाच्या कामात हस्तक्षेप केल्यानंतर अधिकृत महागाईदरावरील विश्वास उडाला. त्याच वर्षी आल्बेर्तो काव्हायो या अर्थशास्त्रज्ञाने तेथील मोठ्या किराणा साखळ्यांच्या संकेतस्थळांवरून रोज भाव उचलण्यास प्रारंभ केला, आणि अधिकृत दर वर्षाला आठ टक्क्यांच्या घरात असताना या नोंदींतून वीस टक्क्यांहून अधिक महागाई दिसू लागली. रोबेर्तो रिगोबॉन यांच्यासह त्याने एमआयटीत उभारलेल्या 'बिलियन प्राइसेस प्रोजेक्ट' या प्रकल्पाचे मूळ येथे आहे. २०१२ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने अर्जेंटिनाचा अधिकृत आकडा छापणे बंद करून याच पद्धतीचा आकडा स्वीकारला. सरकार ज्या दुकानांना धाक घालू शकत होते, त्यांच्याच उघड्या पानांवरून सरकारचा आकडा खोटा पडला.

भारतात या प्रश्नाला छापील किमतीमुळे निराळे वळण मिळाले. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजेच एमआरपी, छापणे येथे बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन दुकानांतील सवलतीची टक्केवारी बहुधा याच किमतीवरून मोजली जाते. ही किंमत उत्पादक ठरवतो आणि ती केवळ वरची मर्यादा असते. वस्तू त्या भावाने प्रत्यक्ष कधी विकली गेली की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो. त्यामुळे 'साठ टक्के सूट' ही पाटी वर्षभर लावली तरी ती तांत्रिकदृष्ट्या खोटी ठरत नाही. परकीय गुंतवणुकीच्या नियमांमुळे थेट किरकोळ विक्री करता येत नसल्याने ॲमेझॉनने फेब्रुवारी २०१२ मध्ये भारतात पाऊल टाकले ते 'जंगली' हेच जुने नाव देऊन काढलेल्या तुलनास्थळाच्या रूपाने. पुढच्या वर्षी स्वतःचे बाजारस्थळ उघडल्यावर त्याची गरज ओसरली आणि २०१७ मध्ये ते बंद झाले. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या 'बिग बिलियन डे' या विक्रीत सवलतीआधी भाव वाढवल्याचा बोभाटा झाला आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली, तेव्हा कालचा भाव कोणीतरी टिपून ठेवायला हवा, ही जाणीव भारतीय ग्राहकांत पसरली.

युरोपीय संघाने हे काम अंशतः विक्रेत्याच्याच गळ्यात घातले. २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार भाव उतरवल्याची जाहिरात करताना आधीच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी भाव सांगावा लागतो. आल्डी झ्युड या जर्मन किराणा साखळीने केळ्यांच्या जाहिरातीत हा भाव बारीक अक्षरांत दिला, पण सवलतीची टक्केवारी मात्र दुसऱ्याच, चढ्या भावावरून काढली. आणि तीस दिवसांतील तो सर्वांत कमी भाव नेमका आताच्या 'सवलतीच्या' भावाइतकाच होता. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ही टक्केवारी तीस दिवसांतील नीचांकी भावावरूनच काढली पाहिजे, असा निर्णय दिला. भारतात असा नियम नाही. येथे टक्केवारीचा आधार छापील किंमत हाच राहिला आहे, आणि मागच्या महिन्याचा भाव हवा असल्यास ग्राहकाला बाहेरच्या नोंदकाराकडेच जावे लागते, जो स्वतः विक्रेत्याच्या एपीआयवर आणि कमिशनवर जगतो.