मूल कोणाचं? अमेरिकेतल्या ख्रिस्ती होमस्कूलिंगचा इतिहास

जुलै २०१५मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय जाहीर केला. ज्या मदरशांत गणित, विज्ञान, इंग्रजी आणि समाजशास्त्र शिकवलं जात नाही, त्यांना शाळा मानायचं नाही आणि तिथली मुलं ‘शाळाबाह्य’ धरायची. त्यावर बरेच दिवस वाद झाला. काहींनी मुलांच्या शिक्षणाची काळजी व्यक्त केली, तर काहींनी संविधानाच्या कलम ३०चा दाखला दिला. या गदारोळात एक समज मात्र पक्का होत गेला. धर्मापायी मुलांना सरकारमान्य शाळेपासून लांब ठेवतो तो मुसलमान, असा.

हा समज तपासायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावं लागेल. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांना शाळेतून काढून घरी शिकवण्याचा हक्क रीतसर लढून मिळवला आहे. त्यासाठी कोर्टकचेऱ्या केल्या, कायदे बदलून घेतले. या लढ्याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्यासारखा आहे, कारण त्यात अल्पसंख्याकांसाठी एक दिलासा आहे आणि एक इशाराही.

शाळा कोणाच्या बायबलची?

अमेरिकेत शिक्षणाची सुरुवात घरातूनच झाली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२मध्ये कायदा करून मुलांना वाचायला शिकवण्याची जबाबदारी आईबापांवर आणि ज्यांच्या हाताखाली मुलं कामाला असत त्या मालकांवर टाकली. १६४७च्या कायद्याने पन्नास घरं असलेल्या गावाला शिक्षक नेमणं भाग पडलं. कारण धार्मिक होतं. माणसाला बायबल वाचता आलं नाही तर सैतानाचं फावतं, अशी त्या प्युरिटन मंडळींची धारणा होती.

सगळ्या मुलांसाठी सरकारी शाळा ही कल्पना रुजली ती एकोणिसाव्या शतकात. होरेस मान १८३७मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. शाळेने कोणत्याही एका पंथाची बाजू घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं. बायबल वाचावं, पण त्यावर भाष्य करू नये. ऐकायला हे निःपक्षपाती वाटतं. प्रत्यक्षात शाळेत वाचलं जाणारं बायबल प्रोटेस्टंटांचं, किंग जेम्स आवृत्तीचं होतं. आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिक मजुरांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या चर्चचं भाषांतर वेगळं होतं, शिवाय भाष्याविना बायबल वाचणं हीच मुळात प्रोटेस्टंट पद्धत होती.

फिलाडेल्फियात कॅथलिकांनी आपल्या मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या, अशी मागणी केली. ‘परके लोक शाळेतून बायबल काढायला निघालेत’ अशी अफवा पसरली. १८४४च्या मे आणि जुलै महिन्यांत तिथे दंगली झाल्या. माणसं मेली, घरं जळाली, सेंट मायकेल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चेस भस्मसात झाली. आपल्या देशातल्या वाचकाला या घटनाक्रमातली एकही पायरी अनोळखी वाटणार नाही. मागणी साधी असते. तिची अफवा होते आणि अफवेची आग होते.

कॅथलिकांनी मग आपल्या शाळा काढल्या. १८८४च्या बाल्टिमोर धर्मपरिषदेने तर प्रत्येक पॅरिशने शाळा चालवावी, असा आदेशच दिला. दुसरीकडे सक्तीच्या शिक्षणाचे कायदे येत होते. १८५२मध्ये मॅसॅच्युसेट्सपासून सुरुवात झाली आणि १९१८मध्ये मिसिसिपीने कायदा केल्यावर सगळी राज्यं त्यात आली.

नन, पाद्री शाळेचा मास्तर आणि डेट्रॉइटची एक आई

पहिल्या महायुद्धानंतर ‘शंभर टक्के अमेरिकन’ होण्याचं वारं सुटलं. नेब्रास्का राज्याने १९१९मध्ये आठवी पास न झालेल्या मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. रोख जर्मन भाषेवर होता. रॉबर्ट मेयर नावाच्या लुथेरन शाळेतल्या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवल्या, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

ओरेगनमध्ये प्रकरण त्याहून पुढे गेलं. १९२२मध्ये तिथल्या मतदारांनी कौल देऊन असा कायदा केला, की ८ ते १६ वर्षांच्या मुलांनी सरकारी शाळेतच जायला हवं. या कायद्यामागे कू क्लक्स क्लान उभी होती आणि कॅथलिक शाळा बंद पाडणं हा हेतू उघड होता. तिथल्या नन कोर्टात गेल्या. १९२५मध्ये ‘पिअर्स’ खटल्याचा निकाल एकमताने लागला. मूल ही सरकारची मालमत्ता नाही, त्याला कोणत्या शाळेत घालायचं हे ठरवण्याचा अधिकार पालकांना आहे, असा त्याचा आशय होता.

या पायावर पुढे होमस्कूलिंगची इमारत उभी राहिली. तो रचणारे कोण होते, हे लक्षात ठेवलं पाहिजे. जर्मन बोलणारा एक शिक्षक आणि कॅथलिक नन. म्हणजे त्या काळी ‘तुम्ही खरे अमेरिकन आहात का?’ हा प्रश्न ज्यांना विचारला जाई, ते लोक.

या यादीत एक मुस्लिम नावही आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटमध्ये क्लारा मुहम्मद यांनी आपल्या मुलांना सरकारी शाळेत पाठवायला नकार दिला आणि घरात शिकवायला सुरुवात केली. त्या नेशन ऑफ इस्लामचे नेते एलिजाह मुहम्मद यांच्या पत्नी. त्या संघटनेच्या श्रद्धा मुख्य प्रवाहातल्या इस्लामपेक्षा बऱ्याच वेगळ्या होत्या, हे खरं. पण कृष्णवर्णीय मुलांना कमी लेखणाऱ्या शाळेपेक्षा आपलं स्वयंपाकघर बरं, हा त्या आईचा निर्णय साधासोपा नव्हता. त्यातून शाळा उभी राहिली. १९३४मध्ये तिथल्या शिक्षकांना अटक झाली. पुढे त्यांचे पुत्र वारिसुद्दीन मुहम्मद यांनी अनुयायांना सुन्नी इस्लामकडे वळवलं आणि या शाळांना आईचं नाव दिलं. इव्हँजेलिकल कुटुंबांची चळवळ सुरू व्हायला तेव्हा अजून चार दशकं अवकाश होता.

बहुसंख्याक शाळेबाहेर पडतात

१९६२मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. १९६३मध्ये शाळेच्या वतीने रोज होणारं बायबलवाचन बंद केलं. धर्माविषयी अभ्यास म्हणून शिकवायला मनाई नव्हती. बंदी सरकारी उपासनेवर होती. तरीही लाखो प्रोटेस्टंटांना वाटलं, आपली शाळा आपल्या हातातून गेली. शंभर वर्षं जी शाळा त्यांना निःपक्षपाती वाटत होती, तीच आता अधार्मिक वाटू लागली. शाळेचा झुकाव दिसतो तो ज्याच्या अंगावर ती झुकते त्याला. कॅथलिकांना तो १८४४मध्ये दिसला होता, यांना १९६३मध्ये दिसला.

यात एक काळी बाजूही आहे. १९५४च्या ‘ब्राउन’ निकालानंतर गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायच्या होत्या. दक्षिणेत तेव्हा गोऱ्यांच्या खासगी शाळा भराभर निघाल्या आणि त्यांतल्या अनेकींनी ‘ख्रिस्ती’ ही पाटी लावली. धर्माची काळजी कुठे संपते आणि वर्णाचा अहंकार कुठे सुरू होतो, हे तिथे वेगळं करता येत नाही.

शाळा सोडून थेट घरी शिकवण्याचा विचार मात्र वेगळ्या वाटांनी आला. जॉन होल्ट हे धार्मिक नव्हते. शाळा मुलांचं कुतूहल मारते, असं म्हणत त्यांनी १९७७मध्ये पालकांसाठी नियतकालिक सुरू केलं. सेव्हन्थ-डे अॅडव्हेन्टिस्ट पंथाचे रेमंड आणि डोरोथी मूर हे दांपत्य सांगत होतं, की मुलांना औपचारिक शिक्षणात लवकर जुंपू नका. आठ-दहा वर्षांपर्यंत घरकाम, खेळ आणि सेवा यांतून शिकू द्या. जेम्स डॉब्सन यांच्या ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमातून मूर यांचं म्हणणं घराघरांत पोहोचलं. तिसरे रशडूनी. सरकारी शाळा हाच एक प्रतिस्पर्धी धर्म आहे, असं मांडणारे हे कडवे धर्मशास्त्री पालकांच्या बाजूने अनेक खटल्यांत साक्षीला उभे राहिले.

१९८०च्या सुमारास घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी देणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. शाळेच्या वेळेत मुलं अंगणात खेळताना कोणी पाहिली तर तक्रार होईल, म्हणून पालक पडदे ओढून घेत. १९८३मध्ये मायकेल फॅरिस आणि जे. मायकेल स्मिथ या वकिलांनी वर्गणीवर चालणारी कायदेशीर मदत संघटना काढली. १९९३पर्यंत पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर झालं. १९९४मध्ये अमेरिकी संसदेत एका विधेयकातल्या कलमामुळे घरी शिकवणाऱ्या पालकांनाही शिक्षकाचं प्रमाणपत्र लागेल, अशी भीती निर्माण झाली. संसदेचे फोन अक्षरशः जाम झाले. ते कलम ४२४ विरुद्ध १ मतांनी काढून टाकलं गेलं.

घरात काय चालतं?

या कुटुंबांचा आधार बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सहावा अध्याय. ईश्वराच्या आज्ञा मुलांना घरात बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना शिकवाव्यात, असा त्याचा आशय. शिक्षण ही आईबापांवर सोपवलेली अमानत आहे, ती दुसऱ्याच्या हवाली करता येत नाही, हा त्यांनी काढलेला अर्थ. मुस्लिम वाचकाला हा विचार परका वाटू नये.

पण सगळ्यांची पद्धत एक नाही. काही घरांत पेन्साकोलाच्या ‘अबेका’सारख्या प्रकाशनांची तयार पुस्तकं येतात. वेळापत्रक, चाचण्या, गुणपत्रक सगळं शाळेसारखंच. विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांतीऐवजी सहा दिवसांची सृष्टी. काही जण शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेच्या वाटेने जातात. तिथे धडे छोटे असतात, कंटाळवाण्या पाठ्यपुस्तकांऐवजी चांगली पुस्तकं वाचायची, ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, रोज बाहेर भटकून झाडंपाखरं वहीत काढायची. तिसरा मार्ग ‘क्लासिकल’ शिक्षणाचा. डोरोथी सेयर्स यांच्या १९४७च्या निबंधातून त्याला चालना मिळाली. लहानपणी पाठांतर, मग तर्क, मग वक्तृत्व आणि सोबत लॅटिन. पाठांतरावरून मदरशांची टिंगल करणाऱ्यांनी हे वर्ग एकदा पाहावेत.

शिकवते ती बहुतेक घरांत आई. तिने नोकरी सोडलेली असते. आठवड्यातून एखादा दिवस चार-सहा कुटुंबं चर्चच्या हॉलमध्ये एकत्र येतात. जिला रसायनशास्त्र येतं ती सगळ्यांच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. या चळवळीची भाषणं बहुतेक पुरुषांनी केली आणि रोजची मेहनत बायकांनी.

आता हे चित्रही बदललं आहे. सरकारी पाहणीनुसार १९९९मध्ये साडेआठ लाख मुलं घरी शिकत होती, २०१६मध्ये सुमारे सतरा लाख. त्या वर्षी ‘मुख्य कारण धर्मशिक्षण’ असं सांगणारे पालक १६ टक्के होते. शाळेतलं वातावरण हे कारण देणारे ३४ टक्के. कोरोनाच्या काळात कृष्णवर्णीय कुटुंबांतलं प्रमाण काही महिन्यांत ३.३ वरून १६.१ टक्क्यांवर गेलं. मुस्लिम कुटुंबंही आहेतच. ख्रिस्ती पालकांनी मिळवलेला हक्क आज हिजाब घालणारी आईही वापरते.

डग्लस यांचा प्रश्न

इथे थोडं मागे जायला हवं. १९७२च्या ‘योडर’ खटल्यात विस्कॉन्सिनमधल्या आमिश पंथाच्या तीन पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला होता. प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला आणि धर्मस्वातंत्र्याचा विजय म्हणून हा निकाल आजही सांगितला जातो.

न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः वेगळं मत नोंदवलं. वाद सरकार आणि आईबाप यांच्यात चालला आहे, पण आयुष्य ज्याचं घडणार त्या मुलाला कोणी विचारलं का? साक्ष एकाच मुलीची झाली होती. उरलेल्यांतल्या कोणाला पियानोवादक व्हायचं असेल, अंतराळवीर व्हायचं असेल, तर आईबापाच्या श्रद्धेपायी त्याची वाट कायमची बंद होते, असं ते म्हणाले.

त्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. टेक्साससारख्या राज्यात आजही मुलाला घरी शिकवतोय हे कोणाला कळवावंही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. घरी शिकून मोठ्या झालेल्या काही तरुणांनीच २०१३मध्ये एकत्र येऊन देखरेखीची मागणी करणारी संघटना काढली. त्यांच्यातल्या कित्येकांना आईवडिलांनी उत्तम शिकवलं होतं. कित्येकांचं मात्र गणित प्राथमिक पातळीवर थांबलं होतं, विशेषतः मुलींचं. कारण त्यांना पुढे घरच सांभाळायचं होतं.

हे वाचताना मला आपल्या वस्त्या आठवतात. उर्दू शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल लांब, रस्त्यात टवाळखोर. मग मुलगी घरी बसते. आपण त्याला संस्कार म्हणतो, कधी धर्म म्हणतो. कर्नाटकात २०२२मध्ये हिजाबच्या वादात काही मुलींना कॉलेज सोडावं लागलं, तेव्हा दार बाहेरून बंद झालं होतं. इथे ते आपण आतून लावतो. घरी बसवणं आणि घरी शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लारा मुहम्मद यांनी दुसरी केली होती.

आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातून २०१२च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही वगळल्या आहेत. ही सवलत सोडून द्यावी, असं मी म्हणणार नाही. ओरेगनचा कायदा आठवला की सगळी मुलं सरकारच्या एकाच साच्यात घालण्याची भीती खरी वाटते, आणि उद्या सत्ता कोणाच्या हाती असेल हे सांगता येत नाही. पण सरकारपासून मिळालेलं संरक्षण मुलासाठी असतं, आपल्या सोयीसाठी नाही. मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला सोबत मुक्त विद्यालयाची दहावी देता यावी, एवढी व्यवस्था जमातने आपणहून करायला हवी. आणि सातवीनंतर घरी राहिलेल्या मुलीला, पुढे काय शिकायचंय, हे एकदा तिच्या तोंडून ऐकून घ्यायला हवं.