बटण दाबलं, पण...

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना 'कम्पायलर' हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला. आयआयटी मुंबईच्या ढमढेरे सरांचं जाडजूड पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचं आणि पेपर झाला की विसरायचं. आपण मोबाईलचे स्क्रीन करणार, आपल्याला कम्पायलर कशाला हवा?

२०१३ मध्ये इथे अमेरिकेत एका क्लायंटसाठी वृद्धांचं ॲप केलं. त्यात एक मोठं लाल बटण होतं, 'मदत हवी'. डेमोला मी ते दाबलं. काहीच झालं नाही. एररसुद्धा नाही! क्लायंटबाई शांतपणे म्हणाल्या, "माझी आई खरंच पडली असती तर?" मान खाली घालून घरी आलो.

दोन रात्रींनी कारण सापडलं. निरोप पाठवणारा ऑब्जेक्ट तयारच झाला नव्हता. आयफोनची तेव्हाची भाषा होती ऑब्जेक्टिव्ह-सी. तिच्यात नसलेल्या ऑब्जेक्टला हाक मारली, तर ती गुपचूप पुढे जाते. चूक माझीच, पण भाषेनेही चकार शब्द काढला नाही.

यावर इलाज करणाऱ्या माणसाची वाट आपल्या शिकागोपासून अडीच तासांवर सुरू झाली. २००० साली अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने एलएलव्हीएम हा प्रकल्प सुरू केला. त्याचे गाइड विक्रम अडवे हे आयआयटी मुंबईचेच पदवीधर. कल्पना अशी: पाच भाषा आणि चार प्रकारच्या चिप्स असतील, तर सुटे वीस अनुवादक लागतात. पण सगळ्यांना समजणारी एक मधली भाषा ठरवली, तर पाच अधिक चार, नऊ भागांत काम भागतं. कोड सुधारण्याची मेहनतही त्या मधल्या भाषेत एकदाच करायची.

२००५ मध्ये पीएच.डी. करून लॅटनर ॲपलमध्ये गेला. २००७ मध्ये आयफोन आला आणि पुढे त्यावरची ॲप्स याच एलएलव्हीएममधून तयार होऊ लागली. २०१२ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार लॅटनर, अडवे आणि इव्हान चेंग यांना मिळाला.

दरम्यान, जुलै २०१० पासून लॅटनर एक नवी भाषा घडवत होता. ॲपलमध्येही मोजक्याच लोकांना ते ठाऊक होतं. जून २०१४ मध्ये ती जाहीर झाली: स्विफ्ट. तिचा एक नियम मला फार आवडतो. एखादी गोष्ट 'नसू शकते' असं असेल, तर तसं आधीच लिहा आणि नसेल तेव्हा काय करायचं तेही सांगा. नाहीतर कम्पायलर पुढे जाऊ देत नाही.

२०१७ मध्ये लॅटनरने ॲपल सोडलं. २०१९ मध्ये आलेलं स्विफ्टयूआय त्याच्या पश्चात झालं, पण स्क्रीनचं वर्णन सरळ लिहिण्याची त्यातली सोय कम्पायलरच्या आधारानेच चालते. म्हणजे मी ज्याला वरवरची रंगरंगोटी समजत होतो, तिच्या पायात तोच परीक्षेपुरता केलेला विषय निघाला!

२०१६ मध्ये ते जुनं ॲप मी स्विफ्टमध्ये पुन्हा लिहिलं. लाल बटणाच्या त्या ओळीवर कम्पायलर अडून बसला. पूर्वी मी वैतागलो असतो. त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला आणि ओळ दुरुस्त केली.

यंदा पुण्याहून येताना ढमढेरे सरांचं पुस्तक बॅगेत घालून आणलंय. या वेळी परीक्षा नाही, त्यामुळे नीट वाचणार आहे.