टक्क्यांपलीकडचा जिल्हा

दहावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यात पेढे वाटले जातात. इथल्याच एका शाळेत मी गणित शिकवले, त्यामुळे त्या आनंदात माझाही वाटा असतो. या परिसराला शिक्षणाची जुनी परंपरा आहे. इथली विद्या प्रसारक मंडळ ही संस्था १९३५ सालची. पण निकालाच्या टक्क्यांवरून जिल्ह्याच्या शाळा जोखणे मला मान्य नाही. याचे कारण जिल्ह्याच्याच इतिहासात आहे.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, जव्हार, मोखाडाही ठाणे जिल्ह्यातच होते. त्याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७मध्ये ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले गुरे राखायची, धाकटी भावंडे सांभाळायची. ती शाळेत येईनात, म्हणून या बायकांनी शाळा अंगणात आणि कुरणात नेली. भावंडांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी आणि प्राथमिक वर्ग, अशी विकासवाडी उभी राहिली.

हे काम कोणत्या टक्क्यात मोजणार? पाचवीत शाळा सुटलेले मूल दहावीच्या निकालात दिसतच नाही. शिवाय २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तरी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला!

म्हणून पालकांना आणि अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : निकाल जरूर वाचा, पण पहिलीत आलेल्यांपैकी किती मुले दहावीपर्यंत पोचली, हे आधी विचारा.