ओव्हरसीअरांची शाळा

पावसाळ्याच्या तोंडावर छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत शिरायचं म्हणजे आधी छत्र्यांमधून वाट काढावी लागते. गेल्या वर्षी माझ्यापुढं एक बापलेक उभे होते. वडिलांनी दुकानदाराला आपणहून सांगितलं, "पोराचा नंबर लागला पुण्याला, सीओईपीत." आणि लगेच मुलाकडं वळून विचारलं, "पण का रे, ते कॉलेज आहे का विद्यापीठ?" मुलगा म्हणाला, "पप्पा, ते सीओईपी आहे."

उत्तर उर्मट वाटलं, पण बरोबर होतं. 2022 साली या संस्थेचं विद्यापीठ झालं आणि नाव ठरलं सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. त्यातला 'सी' कॉलेजचा. कॉलेज पोटात ठेवूनच ही संस्था विद्यापीठ झाली. नावं एकेक सोलत मागं गेलं, तर तळाशी ना कॉलेज सापडतं ना विद्यापीठ. सापडतो तो एक वर्ग.

1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल डलहौसीनं सार्वजनिक बांधकामाचं स्वतंत्र खातं उभं केलं. रस्ते, कालवे, पूल, बराकी, सगळंच एकदम हवं होतं, आणि विलायतेहून आणलेला इंजिनिअर महाग पडायचा. त्याच्या हाताखाली भिंतीची मापं घेणारा, मजुरांची हजेरी मांडणारा, चुना नीट मळलाय का ते बघणारा माणूस इथलाच हवा. म्हणून 1854 मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालं. हेतू लपवलेला नव्हता: सरकारी कामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायचे. त्या दुय्यमांच्या हुद्द्याचं नाव ओव्हरसीअर. शब्दाचा अर्थ वरून पाहणारा, जागा मात्र खालची.

1865 साली गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं नव्या इमारतीची कोनशिला बसवली. कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दात्यानं 50 हजार रुपये दिले. शाळेचं 'सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज' झालं, मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि एल. सी. ई. ही पदवी आली. ओव्हरसीअर करायला काढलेल्या घरातून आता इंजिनिअर बाहेर पडू लागले. सरकारनं हे ठरवून केलं की होत गेलं, यावर वाद घालता येईल. मला दुसरं खरं वाटतं.

प्राचार्य थिओडोर कुक हा गृहस्थ गमतीदार. रेल्वेसाठी वसईच्या खाडीवर लोखंडी पूल बांधून पुण्यात शिकवायला आलेला, आणि आज त्याची आठवण निघते ती वनस्पतिशास्त्रज्ञांत. मुंबई इलाख्यातल्या झाडाझुडपांवरचा त्याचा ग्रंथ ते अजून उघडतात. त्याच्याच काळात कॉलेजात शेतकीचे आणि वनविद्येचे वर्ग निघाले आणि पाटीवर 'कॉलेज ऑफ सायन्स' आलं. शेतकीनं वेगळी चूल मांडल्यावर 1911 मध्ये ते 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' झालं. आजच्या आद्याक्षरांची नाळ तिथली.

औरंगपुऱ्याच्या चौकात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे पुतळे आहेत. पुस्तकं घ्यायला येणारी पोरं त्यांच्याच समोरून जातात. जोतीराव बांधकामांचे ठेकेदारही होते, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाच्या कामात त्यांचा ठेका होता. पुढं 1903 मध्ये त्याच धरणावर आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसले. भिंत न वाढवता जास्त पाणी अडलं. हे दरवाजे करणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, म्हैसूरहून शिष्यवृत्तीवर पुण्याला आलेले आणि 1883 मध्ये एल. सी. ई.ला पहिले आलेले. 1908 मध्ये मुसी नदीनं हैदराबाद धुऊन नेलं, तेव्हा निजामानं बोलावलं ते त्यांनाच. पुण्याची विद्या आमच्या हैदराबाद संस्थानात आली ती अशी, पुराच्या मागोमाग.

तोवर इथं विद्या नव्हती असं मात्र नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरनं खडकीत, म्हणजे आमच्याच या शहरात, नहर आणली ती डोंगरातलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर खेळवत. अठराव्या शतकातली पाणचक्की तशाच दुसऱ्या नहरीवर फिरली. यातलं कोणी एल. सी. ई. नव्हतं. ती विद्या कारागिरांच्या हातात राहिली, तिचा वर्ग कधी निघाला नाही.

औरंगपुऱ्यातल्या सरस्वती भुवनची शाळा 1915 पासूनची. पण तिथून मॅट्रिक झालेल्या पोराला इंजिनिअर व्हायचं, तर पुणं परमुलखात आणि हैदराबादला उस्मानिया, जिथं शिकवणं उर्दूत. महाराष्ट्र राज्य झालं त्याच 1960 साली इथं उस्मानपुऱ्याला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, तसंच एक कराडलाही. औरंगपुऱ्याहून उस्मानपुरा रिक्षानं दहा मिनिटं. तेवढं अंतर कापायला पुण्याच्या त्या वर्गानंतर 106 वर्षं लागली.

दुकानात त्या बापलेकांचं बिल होईस्तोवर वडील गप्पांना लागले. त्यांचे वडील जायकवाडीच्या कालव्यावर होते, घरात पहिलीच सरकारी नोकरी. "ओव्हरसीअर होते," ते म्हणाले, थोडे ताठ होऊन.

मुलानं मोबाइलमधून मान वर केली. "ओव्हरसीअर म्हणजे काय, पप्पा?"